तारीख मागणारी टिटवी

बोलायला लागली ती वाद घालतच. दूध गरम आहे म्हटले की हिच्या मते ते कोमट, कोमट म्हटले की गार. म्हणून काकांनी तिला टिटवी म्हणायला सुरुवात केली, आणि शाळेच्या दाखल्याबाहेर तिला पुन्हा दुसऱ्या नावाने कोणी हाक मारली नाही. आईवडील ती रांगत असतानाच गेले. काका-काकूंनी तिला पोटच्या पोरीसारखी वाढवली. पोटचा पोरगा होता, पण तो शिक्षण संपताच आगबोटीवर नोकरी धरून गेला आणि अधूनमधून फोनवर "सगळं बरं ना?" एवढे विचारण्यापुरता उरला. परमेश्वर एका हाताने नेतो आणि दुसऱ्या हाताने देतो, असे काकू म्हणायच्या. दिलेले माणूस मग त्यांनी असे घट्ट धरले की त्याला कूस बदलायलाही जागा राहू नये.

काका वकील. घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस, मागे संसार, मध्ये एक दार. ते दार कधीच नीट लागत नसे, त्यामुळे फोडणीचा ठसका पक्षकारांना लागायचा आणि पक्षकारांची भांडणे स्वयंपाकघरात ऐकू यायची. टिटवी त्या दाराशी बसून वाढली. कोणाचा जिना कोणाच्या हद्दीत, कोणाच्या सासऱ्याने मरताना कोणाला काय कबूल केले, हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झाले. तेव्हा कायद्याच्या कॉलेजला अर्ज करायचा हे तिला कोणी सांगायची गरज पडली नाही. अर्ज तिने स्वतःच्या हाताने भरला. मुलाखतीच्या दिवशी काका बाहेरच्या बाकावर तिची छत्री मांडीवर घेऊन बसले.

आत तीन प्राध्यापक होते. मधल्याने विचारले, "वकीलच का व्हायचंय?"

टिटवी म्हणाली, "सर, घरात मी बोलायला लागले की सगळे कामाला उठून जातात. जिथं ऐकणाऱ्याला उठता येत नाही अशी जागा मला पाहिजे."

तिघेही खो खो हसले आणि तिला प्रवेश मिळाला. कॉलेजात लुटुपुटीचे खटले चालत, त्यात समोरचा विद्यार्थी तिची बोलायची वेळ आली की पाणी प्यायचा. ती वर्षे तिच्या आयुष्यातली मोकळ्या हवेची. सनद मिळाली तेव्हा काकूंनी देवापुढे हात जोडून डोळे पुसले, आणि त्याच महिन्यात काकांना जिना चढताना धाप लागायला लागली.

कोर्ट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण ती चालू असण्यापेक्षा तिच्यावरची 'बंद आहे' ही पाटीच जास्त दिवस चालू असे. डॉक्टरांनी काकांना जिना बंद केला. काका म्हणाले, "टिटवे, थोडे दिवस तू जा. फार काही करायचं नाही. उभं राहायचं, मान लववायची आणि म्हणायचं, साहेबांची तब्येत बरी नाही, तारीख मिळावी. बास."

"आणि खटला?"

"खटला कुठं पळून जातोय?"

ऑफिसात तिला टेबल मिळाले ते वर जाणाऱ्या जिन्याखाली. तिथे बसता यायचे, उभे राहिले की डोके आपटायचे. पहिल्या आठवड्यात तिला दोनदा टेंगूळ आले. मग ती आधी वाकून बाहेर यायची आणि मग ताठ व्हायची, इतके अंगवळणी पडले की कोर्टातही खुर्चीवरून उठताना ती आधी वाकायची.

तारीख मागणे सोपे नसते. पोर हुशार, तिने त्यातही प्रावीण्य मिळवले. कुठल्या न्यायाधीशांपुढे आजारपण चालते आणि कुठल्यांपुढे नाही, जेवणाआधी मागावी की नंतर, समोरच्या वकिलाकडे आधी हसून बघावे की मागाहून, हे तिला कळायला लागले. कोर्टाच्या कँटीनमध्ये तिला 'तारीखताई' म्हणू लागले. "ताई, माझ्या बायकोकडून पण एक तारीख घेऊन द्या हो, माहेरी जायची म्हणते," असे एक चेष्टेखोर वकील रोज म्हणायचा आणि रोज स्वतःच हसायचा.

आणि गंमत अशी की काकांची वकिली बसायच्या ऐवजी उभी राहिली. ज्यांचे काम खटला न चालण्यातच आहे, असे लोक त्यांच्याकडे यायला लागले. दुसऱ्याची जागा दाबून बसलेले, भाडेकरूला टांगून ठेवलेले, भावाचा वाटा अडवलेले. काका वाईट नव्हते. ते म्हणायचे, "अगं, निम्मी भांडणं नुसती वाट बघितली की विझतात." विझणारे भांडण असते की भांडणारे माणूस, हे टिटवीने एकदा विचारले होते. काकांना तेव्हा अशी ढास लागली की काकू पदर खोचून धावत आल्या आणि पाठ चोळता चोळता तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. ज्यांनी घास भरवला त्यांच्याशी युक्तिवाद कसा करायचा, हे कॉलेजात शिकवत नाहीत.

स्वतः एखादा खटला चालवते म्हटले की काका म्हणायचे, "अजून कच्ची आहेस. एक प्रश्न चुकला की माणसाचं घर जातं." कच्ची, कच्ची म्हणता वर्षे गेली. तिच्याबरोबरचे उभे राहून बोलायला लागले, हरले, जिंकले, शिव्या खाल्ल्या. ही मात्र जशीच्या तशी, कोरी. हरलीसुद्धा नव्हती.

मग मोफत कायदा सल्ला केंद्रात एक जागा निघाली. केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, पगार बेताचा, पण खटले स्वतः चालवायचे. केंद्राच्या प्रमुख बाई सडेतोड. त्यांनी टिटवीला समोर बसवून विचारले, "स्वतः चालवलेला एक तरी खटला आहे ना?"

"कामं पुष्कळ बघितलीत मी."

"बघितलेली नकोत. तारीख घेतलेली तर नकोतच. एक साक्षीदार तपासलेला, एक युक्तिवाद केलेला, एवढं दाखव. जागा या महिनाअखेरपर्यंत तुझ्यासाठी ठेवते. पुढे नाही ठेवता येणार."

ती घरी आली आणि जन्मात पहिल्यांदा काकांसमोर वाद न घालता रडली. काका गडबडले. तिच्या वादाची त्यांना सवय होती, रडण्याची नव्हती. शेवटी म्हणाले, "बरं बाई. वखारवाल्याचं काम घे. भिंतीचं. त्यात काय बिघडायचं नाही."

वखारवाला म्हणजे लाकडाच्या वखारीचा मालक. त्याने हद्दीवर भिंत घातली होती आणि शेजारच्या इस्त्रीवालीची एकुलती एक खिडकी त्या भिंतीने बुजली होती. बाई कोळशाच्या धगीत, भर दुपारी दिवा लावून काम करायची. भिंत पाडा म्हणून ती कोर्टात आली होती. तिच्या बाजूने एक म्हातारा गवंडी साक्षीला येणार होता. ती खिडकी त्यानेच कधीकाळी बसवलेली. त्याला उलटे प्रश्न विचारायचे आणि वखारवाल्याची बाजू मांडायची, एवढे टिटवीचे काम.

तिने त्या कामाचा नुसता फडशा पाडला. जागेवर जाऊन भिंत बघितली, वखारवाल्याला नको नको ते विचारून घाम फोडला, जेवताना मिठाची वाटी म्हणजे खिडकी आणि पाण्याचा तांब्या म्हणजे भिंत करून काकूंना वैताग आणला. "अगं, त्या भिंतीतलं पाणी वाढ मला," काकू म्हणाल्या. रात्री प्रार्थनेला बसली तरी ओठ गवंड्याची उलटतपासणी करत असायचे. देवालाही समजले असेल, पोरीला हवे तरी काय.

तो दिवस उजाडला. कोर्टात गर्दी कमी होती. न्यायाधीश चष्मा पुसून खुशीत बसले होते. इस्त्रीवाली पहिल्या बाकावर, धुवून कडक केलेली साडी नेसून. तिच्या शेजारी गवंडी, हातात टोपी, दोन गाड्या बदलून आलेला. दोन्ही बाजू तयार, साक्षीदार हजर, महिना संपायला आला होता. यापेक्षा चांगली वेळ मागूनही मिळाली नसती.

पुकारा झाला. टिटवी वाकून उठली आणि ताठ झाली.

न्यायाधीश म्हणाले, "हं, बोला ताई."

आणि ती बोलली. मान लवली, हात पोटाशी जुळले, आवाज नेहमीसारखा मऊ झाला. "साहेबांची तब्येत बरी नाही. तारीख मिळावी."

वाक्य तोंडातून बाहेर पडले आणि तिने ते दुसऱ्या कोणाचे ऐकावे तसे ऐकले.

न्यायाधीशांच्या भुवया उंचावल्या, पण त्यांनाही सवय होतीच. त्यांनी पुढच्या महिन्यातली तारीख सांगितली, लेखनिकाने लिहून घेतली, आणि पट्टेवाल्याने पुढच्या प्रकरणाचा पुकारा केला.

"साहेब, नाही... मला..." टिटवी म्हणाली.

"दिली ना ताई तारीख," न्यायाधीश पुढचा कागद उघडत म्हणाले. "आता बसा."

ती बसली.

बाहेर जिन्यात इस्त्रीवालीने तिला गाठले. ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. म्हणाली, "छान मागता हो तुम्ही तारीख. आमच्या म्हाताऱ्याला कळलंपण नाही काय झालं. तो म्हणतो, चला, आपण जिंकलो का?" मग गवंड्याच्या कोपराला धरून ती एकेक पायरी उतरत गेली.

घरी वखारवाला आधीच पोचला होता आणि काकांच्या समोर बसून मांडीवर थापा मारत होता. "वकीलसाहेब, पोरगी वाघीण आहे वाघीण! साक्षीदार दारात आणून उभा केला त्या बाईनं, आणि हिनं एका वाक्यात परत पाठवला! तो म्हातारा आता पुन्हा येतोय होय!"

काकांचा चेहरा फुलला होता. "टिटवे, हे मी तुला शिकवलं नव्हतं. आमच्यासारखे असते तर घाईघाईनं प्रश्न विचारायला गेले असते."

"काका, मी चुकून मागितली."

"काय?"

"चुकून. मला खटला चालवायचा होता. तोंडातून तेवढंच आलं."

काका हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "ऐकलंस का गं," त्यांनी मागे हाक दिली, "म्हणे चुकून! बघा वखारवाले, हा खरा वकील. जिंकून वर म्हणते चुकून!" वखारवाला म्हणाला, "मोठी माणसं अशीच बोलतात." ती पुन्हा म्हणाली, खरंच चुकून. तितके ते जास्त हसले. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये ही गोष्ट तिच्याआधी पोचली होती, आणि ती जितकी नाकारू लागली तितकी गोष्ट पक्की होत गेली.

केंद्राच्या बाईंना तिने फोन केला. खरे काय ते सांगितले. मग बाई म्हणाल्या, "मी तुझ्यावर विश्वास ठेवते. पण म्हणूनच तुला घेऊ शकत नाही."

त्या दुपारी काकांनी पाटी रंगवणाऱ्याला बोलावले. दारावरच्या पाटीवर त्यांच्या नावाखाली तिचे नाव आले, सनदेवरचे खरे नाव, सारख्याच जाड अक्षरांत. काका खुर्ची बाहेर टाकून बघत बसले. त्यांना इतके आनंदात तिने कधी बघितले नव्हते. ती आत गेली.

काकू स्वयंपाकघरात जमिनीवर बसून शेंगा सोलत होत्या. टिटवी ओट्याला टेकून उभी राहिली.

"खरंच चुकून मागितलीस ना?" काकूंनी मान वर न करता विचारले.

"हो."

"मला वाटलंच. खोटं बोलताना तुझा आवाज इतका बारीक होत नाही." त्यांनी एक शेंग मोडली. "काय बोलणार होतीस तिथं?"

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? इतके दिवस मिठाच्या वाटीशी बोलत होतीस. मला बोल. मी काही उठून जात नाही, गुडघे धरलेत माझे."

टिटवी आधी लटके हसली. मग तिने पदर नीट केला, ओट्यापासून दूर झाली आणि बोलायला लागली. पहिली दोन वाक्ये अडखळली. एकदा तर "तारीख" हा शब्द ओठांवर येऊन परत गेला. पण पुढे जीभ सुटली. हद्द कुठली, खिडकी कधीची, वखारवाल्याचा हक्क कुठे सुरू होतो, गवंड्याच्या आठवणीवर विसंबायचे का नाही, सगळे ओळीने आले. पुढच्या खोलीत काकांचा आणि रंगाऱ्याचा आवाज चालू होता. काकू शेंगा सोलत होत्या, मध्येच "मग?" म्हणत होत्या, आणि एकदा त्यांनी हात वर करून "हे परत सांग, हे नाही कळलं" असे तिला थांबवलेही. टिटवीने परत सांगितले. घामाघूम झाली. शेवटचे वाक्य संपले तेव्हा ती मान लववायला विसरली.

काकूंनी सालपटे बाजूला सारली आणि विचार केला.

"पोरी, बोललीस फार चांगलं," त्या म्हणाल्या. "पण हे सगळं ऐकून मला तर त्या इस्त्रीवालीचंच खरं वाटतं. भिंत पाडा."

टिटवी मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली, इतकी की काकूंना तिच्या पाठीवर हात ठेवावा लागला. ती हरली होती. सनद मिळाल्यापासून पहिल्यांदाच ती काहीतरी चालवून हरली होती.

"अहो, पण असं का वाटलं तुम्हाला?" ती डोळे पुसत म्हणाली. "माझा कुठला मुद्दा लंगडा पडला? सांगा ना."

बाहेरून काकांनी हाक मारली, "टिटवे! ये, पाटी बघ! आणि उद्याची दोन कामं आहेत, दोन्हीत तारीखच घ्यायचीय!"

"आले," ती म्हणाली, आणि तिथेच बसून काकूंच्या उत्तराची वाट बघू लागली.