थोरल्या जावेचा हरभरा

माझी थोरली जाऊ मला आवडत नाही असं मी कधीच म्हणत नाही. मी एवढंच म्हणते, की तिचा हरभरा मला बघवत नाही.

आमचं रान अक्कलकोट रस्त्याला. वाटण्या झाल्यापासून बांधाच्या अलीकडं आमचा तुकडा, पलीकडं तिचा, दोन्हींच्या खालून ओढा. ती सासूबाईंना घेऊन रानातच राहते. मी जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर राहते आणि फोनवर शेती करते. म्हणजे शेती गडी करतो, फोन मी करते.

आमच्याकडं येळवस मोठी. मार्गशीर्षातल्या अमावस्येला अख्खं घर रानात जातं, कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतं, आत चुना लावलेल्या पाच दगडांची पूजा करतं आणि मग आंबील, भाकरी, भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली नव्हे. रानातला ओला हरभरा, तूर, वाटाणा, जे असेल ते घालून शिजवलेली. ज्याच्या रानात कोप, त्याच्याच रानातलं त्यात पडायचं, ही आमच्या घरची रीत. आणि कोप कायम थोरलीच्या रानात. मी दरवर्षी नटूनथटून तिच्या रानात पाहुणी.

गेल्या साली सासूबाई, म्हणजे आमच्या अव्वा, म्हणाल्या, “यंदा कोप धाकटीच्या रानात घालू.” मला आभाळ ठेंगणं झालं.

येळवशीच्या आधी स्कूटरवर जाऊन रान बघून आले, तर हरभऱ्याच्या घाट्यांना भोकं आणि भोकात अळ्या. पलीकडं थोरलीचं रान म्हणजे नुसती मिसळ. हरभऱ्यात मधूनच ज्वारीची ताटं, कडेनं करडई, बांधाला झेंडू. ज्वारीच्या ताटांवर साळुंक्या बसून खाली बघत होत्या.

“हे काय गं अक्का, पेरताना बी सांडलं का?” मी विचारलं.

“मुद्दाम टाकलंय की. पाखरं बसत्यात, अळ्या टिपत्यात. बिनपगारी गडी हायत माझी. लईच अळ्या झाल्या तर निंबोळीचा अर्क मारते.”

तिचे गडी बिनपगारी, आणि माझा गडी फोन उचलत नाही! त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी दुकानदाराला म्हटलं, तुमच्याकडचं सगळ्यात कडक औषध द्या.

अमावस्येला रान असं दिसत होतं, की कॅलेंडरवर छापावं. एक अळी नाही. मधमाशी नाही, फुलपाखरू नाही, काहीच नाही. मला तो टापटीपपणा वाटला. पाहुणे फोटो काढत होते, मी फोटोत येत होते, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून थोरली बघतीय का ते बघत होते.

एवढ्यात चुलीपाशी बसलेल्या अव्वा ओरडल्या, “धाकटे, भज्जीला हरभरा आण गं खुडून!”

वळून बघते तर नणंदेची पोरं माझ्या रानात शिरून डहाळे उपटून हरभरा खात होती.

“टाका! टाका ते! तोंडात घातलेलं थुंका आधी!” मी पदर खोचून धावले.

“का गं?” अव्वा.

“परवा फवारलंय.”

“परवा? येळवशीच्या तोंडावर? माणसं खायला येणार ठावं असून?”

“दिसायला बरं दिसावं म्हणून...”

अव्वा रागावल्या की कन्नड बोलतात. “छलो आद!” त्या म्हणाल्या, आणि मग तेच मराठीत, “लई झ्याक दिसतंय. आता समद्यांनी बघतच बसा.”

पोरांना चुळा भरायला लावल्या. कुणाला काही झालं नाही. माझं मात्र व्हायचं ते झालं.

थोरली हसली असती तर मला बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं. पण तिनं टोपली माझ्या हातात दिली. “चल की. माझ्यातलं खुडू. अळी दिसली तर झटकून टाक, ती काय विष न्हाई.”

मी तिच्या रानात वाकून हरभरा खुडत होते. झेंडूवर मधमाश्या होत्या. पायाखालची माती भुसभुशीत होती. तीही मला बघवेना. मग थोरली हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशी म्हणाली, “तुझा माणूस फवारायचा पंप वड्यात धुतो. खालच्या डोहातली मासोळी गेली समदी. वड्याचं पाणी झिरपून हिरीत येतंय, आन् अव्वा तेच पिती.”

हे ती चारचौघांत बोलू शकली असती. बोलली नाही. इतका चांगुलपणा माणसानं दुसऱ्याला दाखवू नये.

कोप माझी, चूल माझ्या रानात, पातेलं माझ्या माहेरचं, आणि भज्जी तिची. “हरभऱ्याला चव हाय बरं का,” प्रत्येक पाहुणा म्हणाला. मीही दोनदा वाढून घेतली. रागानं भूक वाढते.

निघताना अव्वांनी निकाल दिला, “पुढल्या साली कोप परत थोरलीच्या रानात.” कुणी वाद घातला नाही. मीसुद्धा नाही.

पंप ओढ्यात धुवायचा नाही, हे गड्याला गाडीत बसता बसताच फोनवर बजावलं. तेवढी एकच गोष्ट मी थोरलीला न विचारता केली. पुढचं तिला विचारल्याशिवाय होणारच नव्हतं. यंदा पेरणीच्या आधी गेले तिच्या दारात. “ह्यांनी विचारलंय,” असं म्हणून करडईचं आणि झेंडूचं बी मागितलं. ह्यांना झेंडू आणि शेवंतीतला फरक कळत नाही, हे तिला पक्कं माहीत आहे.

तिनं बी दिलं. वर हरभऱ्यात ज्वारी किती विरळ टाकायची ते अंगणात खडे मांडून दाखवलं, चहा पाजला, आणि पेरणीला स्वतः येते म्हणाली.

नाही म्हणाली असती तर काय बिघडलं असतं? निदान वर्षभर तिच्यावर रुसायला मला कारण तरी मिळालं असतं.