छत्री वर, आवाज खाली

आमच्या गल्लीत टीव्हीची छत्री बसवायला माणूस बोलावला की दोघं यायची. नवरा शिडी घेऊन गच्चीवर, बायको चपला दाराशी काढून सरळ आपल्या टीव्हीसमोर. मग जो आरडाओरडा सुरू व्हायचा, विचारू नका! ती खिडकीतून मान बाहेर काढून ओरडायची, "डावीकडे! अजून! अहो गेलं, गेलं! मागे घ्या! बास, हलू नका!" वरून त्याचं आपलं एकच, "आता?" गल्लीच्या टोकाला दाढी करत बसलेल्या न्हाव्यालासुद्धा कळायचं की कोणाच्या घरी चित्र आलं. त्याला सगळे छत्रीवाला म्हणायचे आणि तिला भोंगावहिनी. अगदी तोंडावर म्हणायचे. कोणी नुसतं 'वहिनी' म्हटलं तर तीच विचारायची, "का हो, रागावलात की काय?"

मी कपडे शिवते. खोलीत मशीन, इस्त्रीचं टेबल आणि कोपऱ्यात टीव्ही. टीव्ही मी बघत नाही, ऐकते. डोळे टाक्यावर आणि कान मालिकेवर. तो बंद पडला की दिवसभर मशीनची खडखड ऐकत बसावं लागतं आणि माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी कोणाला काय बोलले त्याचं नवल वाटायला नको.

भोंगावहिनी नुसती ओरडायची असं मात्र समजू नका. छत्री कशी चालते ते मला तिनेच एकदा चहा पिता पिता सांगितलं होतं. वर ती वाटोळी थाळी असते, तिच्यासमोर दांड्यावर एक चोच. तिला ते लोक एलएनबी म्हणतात. आकाशातून आलेलं थाळीवर आपटतं, चोचीत गोळा होतं, वायरमधून खाली बॉक्समध्ये येतं आणि बॉक्स त्याचं चित्र करतो. थाळी केसभर सरकली तरी संपलं. म्हणून रिमोटची बटणं दाबून ती टीव्हीवर एक पान उघडायची. त्यावर दोन पट्ट्या. वरची स्ट्रेंग्थ, खालची क्वालिटी.

मी म्हटलं, "दोन कशाला? एक पुरे की."

"तसं नाही काकू," ती म्हणाली. "कोणीतरी हाक मारतंय, ही स्ट्रेंग्थ. आपल्यालाच मारतंय आणि काय म्हणतंय ते कळतंय, ही क्वालिटी. आकाशात उपग्रह काय एकच आहे? शेजारी शेजारी बसलेत मेले. वरची पट्टी कोणाच्याही हाकेला भरते. आपण खालचीकडे बघायचं."

नवऱ्याने ते पान कधी उघडलंच नव्हतं. त्याच्या हातात रिमोट मी पाहिला नाही. वरचं त्याचं, खालचं तिचं, अशी त्यांची वाटणी लग्नापासूनची. घरात पोरबाळ नाही, दुसरं कोणी नाही, ही दोघं आणि त्यांची शिडी.

मग तिच्या घशात गाठ निघाली. गाठ साधी होती, डॉक्टरांनी काढली, जिवावरचं टळलं. पण आवाज गेला. कुजबुजल्यासारखं बोलता यायचं, तेही जवळ बसलेल्या माणसाला ऐकू येईल इतकंच. आवाज परत येईल असं समजू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गल्लीत पहिले काही दिवस सगळ्यांना हळहळ वाटली. नंतर काय, लोकांना आपापली कामं असतात.

छत्रीवाल्याने एक मीटर आणला. हाताच्या पंजाएवढा डबा, काटा असलेला. वर गच्चीतच तो वायरला जोडायचा, थाळी फिरवायची, सिग्नल सापडला की डबा पिर्रर्र करून ओरडतो. म्हणजे खाली माणूस नको. तो एकटाच येऊ लागला. मी विचारलं, "वहिनी कुठे?" तर म्हणे, "घरी आराम करतीये. आता तिला कशाला दगदग?"

पुढे आमच्या इमारतीची गच्ची गळायला लागली. गवंड्यांनी ती दुरुस्त केली आणि काम करताना सगळ्यांच्या छत्र्या उपटून कोपऱ्यात रचून ठेवल्या. छत्रीवाला आला. माझी छत्री त्याने सगळ्यात शेवटी घेतली. मीटर ओरडला, याने नटबोल्ट आवळले, शिडी खांद्यावर टाकली आणि पुढच्या इमारतीत निघून गेला. मी टीव्ही लावला. निळा पडदा. सिग्नल उपलब्ध नाही.

बोलावलं. आला, वर गेला, मीटर ओरडला. "काकू, छत्री एकदम बरोबर आहे. वायरचा दोष." वायर बदलली. निळा पडदा. मग म्हणे कनेक्टर सैल. मग म्हणे चोचीत पाणी गेलं. चोच बदलली. शेवटी म्हणाला, "तुमचा बॉक्सच गेलाय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "भाऊ, बॉक्स नाही, तुमचं डोकं गेलंय!" तो खाली मान घालून हत्यारं भरत राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस वाळलाय.

मी सरळ त्याचं घर गाठलं. भोंगावहिनी खिडकीशी दाराकडे पाठ करून बसली होती. घर इतकं लख्ख की कुठे हात ठेवायची भीती वाटावी. सगळे डबे घासलेले, पुसलेली भांडी पुन्हा पुसायला काढलेली. मी सगळं सांगितलं. तिने हाताने मला जवळ बोलावलं आणि कानाशी तोंड आणून विचारलं, "पट्ट्या बघितल्यात? वरची किती?"

"भरलेली."

"खालची?"

"रिकामी."

"शेजारच्याला धरलंय त्यांनी," ती म्हणाली. "दुसऱ्याच उपग्रहाला. तो डबा कोणालाही बघून ओरडतो."

"अहो, मग सांगायचं ना त्यांना!"

"मला विचारलं कुठे?" तिचे डोळे भरून आले. "काकू, मी मेले नाही हो. आवाज गेलाय. घासलेली भांडी किती वेळा घासू?"

मला राग आला. कोणाचा, ते रस्त्यात ठरवलं, आणि संध्याकाळी छत्रीवाला आला तसा त्याच्यावर काढला. बायको म्हणजे काय जुनी चोच आहे का, बिघडली की काढून ठेवायला? तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "काकू, दवाखान्यातून आल्यावर एकदा नेलं होतं तिला. मी वर होतो. खाली वाकून बघितलं तर ती खिडकीत तोंड उघडून ओरडत होती आणि काहीच ऐकू येत नव्हतं. गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या. मला नाही बघवलं. मी घाबरलो."

मी म्हटलं, "फोन कशासाठी असतो मग?"

"दोन्ही हात थाळीला लागतात. एक फोन वरून पडून चक्काचूर झालाय माझा."

"टोपी घालता ना? आणा इकडे."

हे माझ्या हातातलं काम होतं. टोपीच्या आत, कानापाशी, जाड कापडाचा खिसा शिवला, वरून पट्टी लावली आणि फोन घालून हलवून बघितला. घट्ट बसला. ध्यान काही विचारू नका, गालफुगी झाल्यासारखा दिसत होता. मी सांगितलं, "उद्या वहिनींना घेऊन यायचं. त्याशिवाय माझ्या छत्रीला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी दोघं आली. एकमेकांशी बोलत नव्हती. तो वर गेला. तिने दाराशी चपला काढल्या, पदर खोचला, रिमोट घेतला आणि ते पान उघडलं. वरची पट्टी भरलेली, खालची रिकामी. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, बघा म्हणून. मग फोन ओठांशी धरला.

"अहो," ती म्हणाली. मी तिच्या शेजारी उभी होते म्हणून मला ऐकू आलं. "ऐकू येतंय?"

येत असावं, कारण ती पुढे बोलू लागली. "सगळं सोडा. बोल्ट ढिला करा. डावीकडे. हळू. अजून." वरची पट्टी पार खाली गेली. माझा जीव खालीवर. ती मात्र शांत. "येऊ द्या. घाबरू नका. अजून थोडं." वरची पट्टी पुन्हा चढली आणि खालच्या पट्टीत रंग आला. "आलं. गेलं. मागे या. केसभर. आता वर उचला. बास. हलू नका."

खालची पट्टी भरली. तिने बटण दाबलं आणि माझ्या मालिकेतली सासू पडद्यावर उभी राहिली. मी आनंदाने टाळी वाजवली. बाहेर गल्लीत काही नाही. भाजीवाली भाजी विकत होती, पोरं चेंडू खेळत होती. वहिनी असूनही चित्र आलं हे पहिल्यांदाच कोणाला कळलं नव्हतं.

भोंगावहिनीने फोन बंद केला नाही. पाठमोरी झाली, खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली. इतकी वर्षं ती त्याच्याशी वर-खाली बोलली ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असंच. डावीकडे आणि उजवीकडे, याशिवाय त्यात दुसरं काय असणार?

"अहो," ती फोनमध्ये म्हणाली, "मला घरी बसवू नका हो."

मला वाटलं, बोल्ट आवळत असेल, ऐकलं नसेल. तिनेही फोन खाली घेतला.

आणि गच्चीवरून तो ओरडला. कानाशी फोन आहे हे विसरला की काय कोण जाणे, पण असा ओरडला की भाजीवालीच्या हातातला तराजू हलला. "नाही बसवत गं! कधीच नाही बसवत! उद्या सकाळी शाळेची छत्री आहे, तयार राहा!"

चेंडू खेळणारी पोरं थांबली. टोकाच्या दुकानातून न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला आणि वर बघायला लागला. हा माणूस एकटाच कोणाला उत्तर देतोय, ते कोणाला कळेना. भोंगावहिनी तोंडाला पदर लावून रडत होती. मी टीव्हीचा आवाज मोठा केला आणि मशीनवर जाऊन बसले.