पिंगच्या फुल्या आणि षष्ठीची भरती

जामसंड्यात माझा सायबर कॅफे होता तेव्हा मी स्वतःला भलताच हुशार समजत असे. नेट मधूनमधून रांगायला लागे. टेलिफोन ऑफिसात गेलं की साहेब फायलीतून मान वर न काढता सांगत, "आमच्याकडून लाइन ओके आहे." माझं डोकं फिरलं. पुरावाच तोंडावर मारतो म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. संगणकाच्या काळ्या खिडकीत तो सारखा पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक, पाठवायचा आणि उत्तराला जितका उशीर होईल तितकी लांब फुल्यांची ओळ काढायचा. महिनाभराच्या फुल्या छापून नेल्या. साहेबांनी कागद उलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "तक्रार विहित नमुन्यात द्या."

मासे विकणारी एक काकी दर रविवारी चार वाजता कॅफेत यायची, आखातातल्या मुलाशी, तिच्या 'झिला'शी, नेटवरून बोलायला. नवरा गेल्यापासून होडी किनाऱ्यावर पडून होती. आता गिऱ्हाईक आलं होतं. विकायची, की मुलगा परत येऊन चालवणार, हे त्याला विचारायचं होतं. त्या रविवारी "आये, होडी..." एवढंच आलं, पुढे नुसती खरखर. पडद्यावर फुल्या पार काठाला टेकलेल्या. मी तिला मोठ्या कौतुकाने त्या फुल्या समजावल्या. बिघाडाची वेळ रोज बदलते, काही केल्या मेळ लागत नाही, हेही सांगितलं.

तिने काल-परवाच्या ओळींपुढच्या वेळा बघितल्या. "रोज पाऊण तास फुडे सरकता मां? ही भरती रे झिला. आज षष्ठी, साडेचारांक पूर्ण भरती."

शिकलेला मी धावत खाडीकडे गेलो. खाडीकाठच्या खांबाशी केबलचा जोड होता, पाणी चढलं की तो भिजायचा. साहेबांना जाऊन सांगितलं, तर म्हणाले, "दोषांच्या यादीत भरती नाही."

काकीला यादीची गरज नव्हती. "फुडल्या आयतवारी त्रयोदशी. चारांक सुकती. गिऱ्हाइकाक थांबयतंय."

त्या रविवारी ओहोटी होती आणि फुल्या एकेकच पडत होत्या. लेकाचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. "होडी विकून टाक, आये. मी परत येवचंय नाय."

मी मेला पडद्याकडे बघून खूश. मग तिच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि माझी मलाच लाज वाटली. तिने हेडफोन काढून अलगद टेबलावर ठेवला.

"गेल्या आयतवारीच बरां होतां रे. तो होडी म्हणालो, फुडचां माका ऐकाक इलां नाय. आठ दिवस माझो झील येतलो होतो."