आईच्या नावावरचं वायफाय

आईचं दिवसकार्य आटोपलं, पाहुणे पांगले आणि मी पुन्हा अंबडला कंपनीत कामावर जायला लागले. पहिल्याच दुपारी देवळ्याहून आत्याचा फोन आला. मी डिस्पॅचला उभी होते, समोर गाडीत खोकी चढत होती.

"पोरी, दादाचं तोंड नाय दिसलं आज. मशीन बंद हे का?"

मशीन म्हणजे बाबांच्या खोलीतला लॅपटॉप. अर्धांगाच्या झटक्यात बाबांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. 'हां' आणि 'नको' एवढे दोनच शब्द उरले. फोन त्यांच्या डाव्या हातातून निसटायचा, म्हणून माझा जुना लॅपटॉप त्यांच्या खुर्चीसमोर टेबलावर मांडला होता. तो फारच रखडायला लागल्यावर ऑफिसातल्या एकाने सुचवलं म्हणून त्यावरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं. त्यानंतर बरा चालायचा.

जेवणं झाली की आई तो चालू करायची, पासवर्ड टाकायची आणि आत्याला व्हिडिओ कॉल लावून द्यायची. मग शेजारच्या पलंगावर आडवी व्हायची. तिकडे आत्या कांद्याच्या चाळीपुढे फोन टेकवून कांदे निवडत बसायची आणि बोलत राहायची. कुणाच्या शेतात काय लावलं, कुणाची सून माहेरी जाऊन बसली. बाबा बघत राहायचे. मध्येच एखादं 'हां'. त्यांना झटका आल्यापासून घरातली दुपार अशीच जायची.

मी घरी फोन लावला. दिवसभर बाबांना सांभाळणाऱ्या ताईंनी उचलला.

"चालू केलं मी," त्या म्हणाल्या. "पण ते अक्षरं मागतंय."

मी एकेक अक्षर सांगायला लागले. दुसऱ्याच अक्षराला त्यांनी विचारलं, "मोठं म्हणजे कसं मोठं? दाबून धरायचं का?" मी सांगितलं. त्यांनी दाबून धरलं, तर तेच अक्षर पुन्हापुन्हा उमटत गेलं. तेवढ्यात गाडीवाला पावतीसाठी येऊन उभा राहिला. मी म्हणाले, "राहू द्या ताई. मी बघते."

शनिवारी कंपनीला सुट्टी असते. सकाळी बाबांना पोहे भरवले आणि लॅपटॉप घेऊन पलंगावर बसले. बाबा खुर्चीतून बघत होते. पडद्यावर आईचं नाव आलं आणि वर गोल चौकटीत तिचा फोटो. कुठल्यातरी लग्नातला, शेजारच्या बाईचा अर्धा खांदा त्यात राहून गेलेला. लिनक्स टाकताना नाव काय देऊ असं विचारलं होतं, तर ती म्हणाली होती, "माझंच दे. मीच लावणार आहे ना रोज."

पासवर्ड न विचारता आत जाऊ देण्याची सोय सेटिंगमध्ये सापडली. ती चालू केली, लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला. फोटो न दाखवता तो थेट आत गेला. पण वायफाय जोडलं गेलं नाही. उलट मध्यभागी एक खिडकी उघडली आणि तिने पासवर्ड मागितला.

मी फोनवर शोधत बसले. माझ्यासारखंच कुणीतरी विचारलेलं होतं आणि उत्तरं देणारे त्याला सुरक्षिततेवरून झापत होते. बऱ्याच वेळाने कळलं ते असं. वायफायचा पासवर्ड लॅपटॉपकडे नव्हता, आईच्या नावाच्या कप्प्यात होता. तिने तिचा पासवर्ड टाकला की कप्पाही आपोआप उघडायचा. आता कुणीच काही टाकत नव्हतं, त्यामुळे लॅपटॉप चालू होऊनही कप्पा बंदच राहत होता.

त्यावर उपायही तिथेच होता. वायफायच्या सेटिंगमध्ये एक छोटा चौकोन असतो. 'हे नेटवर्क सर्वांना वापरता येईल' अशा अर्थाचं त्यापुढे लिहिलेलं असतं. तिथे खूण केली की पासवर्ड माणसाच्या कप्प्यातून निघून यंत्राच्या स्वतःच्या ताब्यात जातो. मग कुणी आत येवो न येवो, लॅपटॉप सुरू होतानाच वायफाय जोडून घेतो.

त्या आठवड्यात मी सगळीकडून आईचं नाव कमी करत हिंडत होते. गॅस, रेशनकार्ड, बँक. प्रत्येक खिडकीवर मृत्यूचा दाखला पुढे सरकवायचा, समोरचा माणूस तो वाचायचा आणि आवाज जरा खाली आणायचा. मी मात्र नेहमीच्या आवाजात बोलायचे. इथे कुणी दाखला मागितला नाही. मी खूण केली आणि सेव्ह केलं.

लॅपटॉप पुन्हा लावला. पडद्यावर चित्र येईपर्यंत कोपऱ्यात वायफायची पंख्यासारखी खूण उमटलेली होती. मग आत्याच्या कॉलचं पान आपोआप उघडेल असं करून ठेवलं, म्हणजे बटण दाबण्यापलीकडे कुणाला काही करायला नको. आत्याला त्या पानाची लिंक पाठवली आणि फोन करून सांगितलं, आता ती उघड.

"दिसला! दिसला गं! दादा, कटिंग कुणी केली रे तुझी?"

बाबा म्हणाले, "हां."

मी पोह्याची ताटली घेऊन घासायला गेले. जमलं म्हणून आनंद व्हायला हवा होता. मी वाट पाहिली थोडी. मग ताटली घासली.

पुढच्या आठवड्यात दुपारची लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, तो लाइटबरोबर बंद पडला. लाइट आल्यावर ताईंनी बटण दाबलं, पण वायफाय काही जोडलं गेलं नाही. आत्याचा फोन. मी पुन्हा डिस्पॅचलाच.

"नाय दिसत गं. गोल गोल फिरतंय नुसतं."

शनिवारी पुन्हा बसले. लाइट आली की राउटर आणि लॅपटॉप दोन्ही एकदमच सुरू व्हायचे. राउटर लवकर दिसायला लागायचा, पण जोडून घेण्याइतका तयार नसायचा. लॅपटॉप चार वेळा प्रयत्न करायचा आणि सोडून द्यायचा. किती वेळा प्रयत्न करायचा ते सांगता येतं. लॅपटॉपला हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची आणि शेवटी शून्य. शून्य म्हणजे थांबायचंच नाही, जमेपर्यंत करत राहायचं.

ओळ लिहिली आणि तपासायला म्हणून भिंतीवरचं बटण बंद केलं. खोलीतलं सगळं बंद. पुन्हा चालू केलं, लॅपटॉप लावला, वायफाय आलं. खात्रीसाठी पुन्हा बंद, पुन्हा चालू. बाबांनी हयात लेथवर काढलेली. एकदा मापात बसलं म्हणून त्यांनी कधी कुठला पार्ट पुढे सोडला नसेल. पण मी तिसऱ्यांदा बटणाकडे हात नेला तेव्हा ते म्हणाले, "नको."

"झालं बाबा," मी म्हणाले. "आता नाही करत."

टेबल त्यांच्या डाव्या हाताकडे सरकवून दिलं आणि लॅपटॉपच्या बटणावर त्यांचं बोट ठेवून दाखवलं. दोन-तीन दिवसांत ते स्वतःच दाबायला लागले. ताई सांगायच्या, जेवण झालं की हात तिकडेच जातो.

त्यांच्यासमोर आईबद्दल बोलायचं नाही असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. ठरवलं म्हणजे कुणी तसं म्हटलं नव्हतं, पण कुणी बोलत नव्हतं. ती गेली त्या दिवशी मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं होतं. ते 'हां' म्हणाले होते. जेवायला वाढू का विचारल्यावर म्हणतात तसंच. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना किती समजतं ते सांगता येणार नाही. आम्ही धरून चाललो की समजलं नाही. ते सोयीचं होतं.

नंतरच्या एका शनिवारी ताई सुट्टीवर होत्या. बाबांचं जेवण उरकून मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. खोलीतून लॅपटॉप चालू झाल्याचा आवाज आला. मी उठले नाही. थोड्या वेळाने आत्याचा आवाज आला, मागे बकरीचा आवाज. पाऊस नाही, लय ऊन हे, असं काहीबाही चाललं होतं. मग ती गप्प झाली. मला वाटलं वायफाय गेलं.

"दादा," आत्या म्हणाली. "एक विचारू? वहिनीची आठवण येती का रे?"

खोलीतून एक आवाज आला. तो बाबांचा आहे हे मला पहिल्यांदा कळलंच नाही. गुरासारखा, खोलवरून, अडखळत येणारा. मग तो थांबेचना.

"रड," आत्या म्हणत होती. "रड दादा, रड. मी हे इथं. कुठं जात नाय."

आपण उठून आत जायला हवं, असं मला स्पष्ट वाटलं. मी उठले नाही. बेसिनचा नळ नीट बंद नव्हता, तो बंद केला. परत बसले. राहिलेली मेथी निवडली, देठं वेगळी केली. लसूण संपत आलाय, आणायला हवा, असं डोक्यात आलं. बाबांचं रडणं हळूहळू उतरत गेलं. मग मी चहा टाकला.

कप घेऊन आत गेले तेव्हा बाबांचं तोंड लाल झालं होतं, नाक वाहत होतं. मी पदराच्या टोकाने, म्हणजे ओढणीने, पुसलं. पडद्यावर आत्याही डोळे पुसत होती.

"त्याला सगळं ठावं हे गं पोरी," ती म्हणाली. "पहिल्यापासून ठावं हे. तुम्हीच कुणी बोलत नव्हता त्याच्याशी."

मी म्हणाले, "हो आत्या."

तेव्हापासून ती दोघं रोज आईबद्दल बोलतात. म्हणजे आत्या बोलते. वहिनी नवी नवरी होऊन आली तेव्हा तिला बाजरीची भाकरी कशी थापता येत नव्हती, दादाने तिला सायकलवर बसवून देवळ्याच्या बाजारात कसं नेलं. बाबा कधी 'हां' म्हणतात, कधी रडतात, एकदा हसलेही, असं ताईंनी सांगितलं. सायकलची गोष्ट मला माहीत नव्हती.

त्या रडण्याच्या दिवशी मात्र, मी चहा घेऊन आत होते तेव्हा, बाबांनी डाव्या हाताने पलंगाकडे खूण केली. आई आडवी व्हायची त्या जागेकडे. बस, असं. मी बसले. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत बाबांच्या शेजारी मी दिसायला लागले. केस विंचरलेले, चेहरा नीट, कामावर जाताना असतो तसा. आत्याने फोन डोळ्यांजवळ नेला. सगळा पडदा तिच्या कपाळाने भरला.

"लय वाळलीस गं," ती म्हणाली.

"नाही गं आत्या," मी म्हणाले. "कॅमेऱ्यात तसं दिसतं."