खाता येईल असा चिखल

आमच्या नातीने बालवाडीत निळा हत्ती खाल्ला. सगळा नाही, सोंड आणि पुढचे दोन पाय. बाईंनी डबीतल्या रंगीत मऊ मातीचा हत्ती करून टेबलावर ठेवला होता. बाकीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. आमची उठली, जवळ गेली आणि पंगतीला बसल्यासारखी त्याला खाऊ लागली.

मला बोलावणं आलं. दिवसा घरात रिकामा मीच असतो. म्हातारी, म्हणजे माझी बायको, होती तोवर सून आणि नात तिसगावकडे आमच्याजवळच राहायच्या. गेल्या साली ती वारली. मुलाने घराला कुलूप लावलं आणि आम्हा सगळ्यांना नागापूरला आणलं, कारखान्याजवळ दोन खोल्यांत. तो पाळीवर जातो. सूनही नुकतीच एका कारखान्यात पॅकिंगला लागली. नातीला बालवाडीत सोडायचं आणि आणायचं, एवढं माझं काम. तेही निम्मं तीच करते, कारण रस्ता तिला पाठ आहे आणि मी चुकतो.

बाई म्हणाल्या, "जीभ दाखव गं आबांना."

नातीने जीभ काढली. निळीशार.

"रंग पक्का हाय," मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. "आजोबा, ही माती पोटात जायची नसते. परवा हिने खडू खाल्ला. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? हिची सवय जाईपर्यंत घरीच ठेवा."

"घरी कोन बघनार? मी?"

"मग एक करा. घरीच पिठाची माती करून द्या. ती खाल्ली तरी चालते. पण पीठ शिजवलेलं पाहिजे, कच्च्याने पोट बिघडतं. मीठ नावाला. रंग स्वयंपाकघरातला. तसं करून दिलंत तर शनिवारपर्यंत बघते."

संध्याकाळी घरी बैठक बसली. मुलगा म्हणाला, "तिला भंडारदऱ्याला पाठवू, आजोळी. तिची आजी सांभाळील." पोरीला लांब ठेवायचं किंवा कामावर पाणी सोडायचं, दोन्ही सुनेला नको होतं. मला तर त्याहून नको होतं. पोर गेली की दिवसभर त्या खोल्यांत मी आणि पंखा. पंखाही घरघरतो, म्हणजे बोलतो तोच.

"मी करतो माती," मी म्हणालो.

सुनेने पदर तोंडाला लावला. म्हातारी गेल्यापासून ती हसलेली मी पहिल्यांदा पाहिली. माझ्यावर हसली, पण हसली.

हसण्यासारखं काय होतं? मी गवंडी. तिसरीत शाळा सोडली आणि पुढचं आयुष्य माल कालवण्यात घालवलं. सिमेंट काय, पीठ काय, कोरडं घ्यायचं, मध्ये आळं करायचं, पाणी सोडायचं, ओढायचं. दुसऱ्या दिवशी सगळी कामावर गेल्यावर मी परात मांडली. पीठ चाळलं. आळं केलं. पाणी सोडलं. पातळ झालं. पीठ टाकलं. घट्ट झालं. पाणी टाकलं. असं करत करत परात भरली, मग पातेलं भरलं, मग मी आंघोळीची बादली विसळून घेतली. डब्यातलं पीठ संपलं तेव्हा माल बरोबर जमला.

सून दारातच थांबली. "मामा, कुनाचं लगीन हाय का?"

"जरा जास्त झालं."

"जरा? ह्यात आळी जेवंल."

"बादली धुतली होती मी."

"ते सांगू नका कुनाला."

त्या रात्री आणि सकाळी आम्ही चपात्याच खाल्ल्या. शेजाऱ्यांनाही दिल्या. मुलाने डब्यातून कारखान्यात नेल्या. बादलीचं कुणाला सांगितलं नाही.

पीठ शिजवायचं राहिलंच होतं, म्हणून पुढच्या खेपेला मी ते आधी तव्यावर भाजलं, मग भिजवलं. माप थोडं घेतलं. चांगला गोळा झाला, पण लगेच भेगा पडायला लागल्या. भेगा म्हटल्यावर माझ्या हाताला एकच औषध माहीत. स्लॅबला आपण काय करतो? पाणी मारतो. मी पोतं भिजवलं, गोळ्यावर टाकलं, आणि येता-जाता त्यावर पाणी मारत राहिलो. रात्रभर राहू दिलं. चैत्रातलं ऊन आणि पत्र्याची खोली. सकाळी मुलगा उठला आणि मला म्हणाला, "दादा, घरात उंदीर मेलाय." सगळं कपाट ओढलं. कॉट उचलली. मीही शोधत होतो. शेवटी सुनेने पोतं उचललं आणि नाक धरून माझ्याकडे नुसतं पाहिलं.

तिसऱ्या खेपेला ती माझ्याजवळ उभी राहिली. तिला सुट्टी होती.

"मामा, आत्याबाई मोदकाची उकड काढायच्या, ती कधी पाहिली का न्हाई?"

"मोदक पाहिले."

"पाणी ठेवा. त्यात तेल. चिमूटभर मीठ. आधन आलं का पीठ घाला, ढवळा, झाका. वाफ येऊ द्या. मग गरम असतानाच मळा."

"गरम? हात भाजतील."

"त्यांचे भाजायचे न्हाईत का?"

मळायला बसलो. भाजलंच. पण माल असा उतरला की बघत राहावं. परातीला चिकटत नव्हता, हाताला चिकटत नव्हता. मी तळव्यांत फिरवून फिरवून त्याचा गुळगुळीत गोळा केला, कुठे रेघ नाही की सुरकुती नाही, आणि ताटात मधोमध ठेवला. गिलाव्याला पॉलिश केल्यासारखा. सुनेला म्हणालो, "बघ."

तिने पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "मामा, असा नका ठेवू." पुढे झाली आणि तिने त्यात कचाकच चार बोटं रोवली. माझं पॉलिश गेलं.

"अगं, काय केलंस?"

"असा गोल, बिनबोटाचा गोळा पिंडाचा असतो. खायच्या कनकेवर बोटं उमटवायची. आत्याबाईंनीच शिकवलंय मला."

एवढी वर्षं त्या घरात जेवलो, पण झाकलेल्या कणकेवर बोटं उमटवतात हे मला कोणी सांगितलं नाही. पिंडाचा गोळा मात्र मी केला होता, म्हातारीच्याच दहाव्याला. लोक कावळा शिवावा म्हणून तासन्‌तास हात जोडतात, कबुल्या देतात. धाकट्याचं लग्न करीन, विहिरीचं काम पुरं करीन. मी कबुली जुळवत होतो तोवर कावळा येऊन, उचलून, गेलासुद्धा. साडू म्हणाला, "काय इच्छा राहिली न्हाई तिची." मला तसं वाटलं नाही. इच्छा राहिल्याच असतील. पण ह्याला सांगून काही उपयोग नाही, असं तिने ठरवलं असेल. ते खरंही आहे.

असो. हळदीचा पिवळा, बिटाचा लाल, पालकाचा हिरवा, असे तीन गोळे केले. तिन्हींवर मी स्वतः बोटं रोवली आणि डब्यात भरून बालवाडीत नेले.

दुपारी घ्यायला गेलो. बाई म्हणाल्या, "आजोबा, माती फार छान झाली. मुलं रमली."

"आनि आमची?"

"तिने लाल सगळा खाल्ला."

"मंग? खाल्ला तरी चालतो, म्हनला होता तुमी."

"पोट नाही बिघडणार. पण तिचं बघून बाकीची पण खायला लागली. मी खेळायला देते आणि ही पंगत बसवते. शनिवारपर्यंतच हं, आजोबा."

तेव्हा मी ठरवलं, माती अशी करायची की तोंडात घातली की थुंकलीच पाहिजे. कारलं किसलं, पिळलं, हिरव्या गोळ्यात घातलं. मी चाटून पाहिलं तर डोळ्यांत पाणी आलं. नातीने घास घेतला. तोंड वाकडं केलं. "कडू हाय," म्हणाली आणि दुसरा घास घेतला. परत तोंड वाकडं, परत घास. गोळा संपला.

मी सुनेला म्हणालो, "ही कोनावर गेली?"

"तुमच्यावर. कारल्याची भाजी परत मागून खानारं घरात दुसरं कोन हाय?"

मग तिनेच सांगितलं. गावाकडे म्हातारी रोज सकाळी भाकरी थापताना पोरीला जवळ बसवायची. पिठाचा एक गोळा तव्यावर भाजायची, गुळाचा खडा आत दाबायची आणि तिच्या हातात द्यायची. "हातात गोळा आला का तोंडात घालायचा, एवढंच तिला ठाऊक हाय, मामा. ते आत्याबाईंचं हाय. कसं सुटंल?"

मला ते सोडवायचंही होतं आणि नव्हतंही. पोरीची बॅग आजोळी जाण्यासाठी कॉटखालून काढून ठेवली होती, ती तिथेच दिसत होती.

शनिवारी मी बाईंना म्हणालो, मला बसू द्या आज. त्यांनी भिंतीकडे चटई दाखवली. बाईंनी खेळातलं हॉटेल मांडलं होतं. पोरं आपापली भांडी घेऊन बसली. आमची मालकीण. पिवळ्या पिठाच्या भाकऱ्या थापून तिने थप्पी लावली होती आणि तिचं एक बोट तोंडाकडे निघालंच होतं. तेवढ्यात मी दिसलो.

"आबा, गिऱ्हाईक व्हा."

मी पुढे सरकलो. "काय हाय खायला?"

"भाकरी. पिठलं. हत्ती."

"हत्ती नको. भाकरी दे."

तिने प्लास्टिकच्या ताटलीत भाकरी वाढली. आणि मग कमरेवर हात ठेवून, मान जरा तिरकी करून उभी राहिली. "अजून वाढू का? लाजू नका."

म्हातारी अशीच उभी राहायची. ती गेल्यापासून ताट समोर येतं, भरलेलं येतं, पण असं उभं राहून कुणी विचारत नाही. मी भाकरी उचलली, तोंडात घातली आणि चावू लागलो. पोटातून भूक लागली होती, खरं सांगतो.

सगळं हॉटेल माझ्याकडे बघायला लागलं.

"आबाऽऽ!" नातीने कपाळावर हात मारला. "खरं खरं न्हाई खायचं! खोटं खोटं खायचं! बाई, बघा, आबांनी भाकरी खाल्ली!"

माझं तोंड भरलेलं. बोलता येईना.

"थुका. थुका इथं." तिने हात पुढे केला. मी तोवर गिळलं होतं. तिने बाईंकडे पाहून सुस्कारा टाकला, अगदी सून माझ्याकडे बघून टाकते तसा, आणि दुसरी भाकरी घेतली. "हे असं बघा." भाकरी ओठांशी नेली, तीन वेळा मचमच केलं आणि खाली ठेवली. "झालं. आता म्हना, पोट भरलं."

"पोट भरलं," मी म्हणालो.

"माती खाऊ नये, आबा. पोटात दुखतं."

बाई तोंडावर हात ठेवून खिडकीकडे वळल्या होत्या. मग पोरांच्या पंगतीत एका मुलाने लाल लाडूला तोंड लावलं, तर आमची तिथेही धावली. "खोटं खोटं!" सबंध सकाळ ती सगळ्यांच्या तोंडांवर पहारा देत फिरली. तिला स्वतःला खायला वेळच मिळाला नाही.

निघताना बाई म्हणाल्या, "सोमवारी पाठवा तिला. तुम्ही माती देत जा."

घरी सुनेने बॅग कॉटखाली ढकलली आणि मुलाने भंडारदऱ्याला फोन करून सांगितलं की इतक्यात येत नाही.

सोमवारी मी ताजी उकड काढून डबा भरला आणि तिला सोडायला गेलो. फाटकाशी तिने डबा माझ्या हातातून काढून घेतला, छातीशी धरला आणि बाईंना म्हणाली, "आबांकडं देऊ नका. ते खातात."