शेवटचा फर्मा

आमच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी चार कोरी पानं शिवलेली असतात. पुस्तक वाचून झालं की सभासदाने तिथे पेन्सिलीने आपलं मत लिहावं, नाव न घालता, असा नियम पहिल्या ग्रंथपालांनी केला आणि ते निवृत्त होऊन मोकळे झाले. निस्तरणं माझ्या गळ्यात पडलं. मी काउंटरवर बसतो. परत आलेलं पुस्तक मागून उघडायचं आणि त्यात नाव, पत्ता, शिवी किंवा लग्नाची मागणी असेल तर खोडरबराने पुसायची. बावीस वर्षांत चार-पाच जुळू पाहणारी लग्नं मी पुसली असतील. त्याचं मला काही वाटत नाही.

माझ्याखेरीज ही पानं मन लावून वाचणारं एकच माणूस होतं, आमच्या बाइंडरबाई. सगळे त्यांना टाकेबाई म्हणायचे. जिन्याखालच्या खोलीत त्यांचं टेबल, पुस्तकं दाबायचा शिकंजा आणि खळीचं पातेलं. बोटं कायम पांढरी. त्या मला नावाने कधीच हाक मारत नसत. "काय हो काउंटर, आज कुणाचं लग्न मोडलंत?" असं जिन्यातूनच विचारायच्या.

त्या मतं वाचायच्या ते अक्षर शोधायला. त्यांचा थोरला भाऊ आमचा जुना सभासद. मी लागलो त्या वर्षी पाहिल्याचं आठवतं. फळीपाशी उभा राहून तो पुस्तक शेवटाकडून उघडायचा. शेवटचं पान पटलं तर घरी न्यायचा, नाहीतर जागच्या जागी ठेवून द्यायचा. मत लिहिताना पेन्सिल इतकी दाबायचा की मागच्या पानावर उमटायची. पुढे तो पिऊ लागला. आई अंथरुणाला खिळलेली होती; एका दुपारी तिच्याजवळ बसायचं काम त्याचं होतं, आणि तो पिऊन शेजारच्या खोलीत झोपून राहिला. बहीण कामावरून घरी आली तेव्हा आई गेलेली होती. "पुन्हा तोंड दाखवू नकोस," असं त्या बोलून गेल्या, आणि तो निघून गेला. मी सांगतोय त्या वेळी याला अठरा वर्षं झाली होती. तेव्हापासून बांधणीला आलेल्या प्रत्येक पुस्तकाची शेवटची पानं टाकेबाई आधी बोटाने चाचपायच्या, मग वाचायच्या. दादा कुठून तरी येऊन एखादी ओळ लिहून गेला असेल, अशी त्यांची वेडी आशा. इतकं आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मग ती कादंबरी आली. दारूपायी घर सोडून गेलेला एक बाप. पुढे शुद्धीवर येतो, एका इस्पितळात फरशा पुसतो, ज्यांचं कुणी नाही अशा रुग्णांच्या उशाशी बसतो, आणि म्हातारपणी मुलीच्या दारात येऊन उभा राहतो. दोन प्रती होत्या, तरी लोक रांग लावत होते. मतांची तर नुसती जत्रा.

"माणूस सुधारतो. माझे मेहुणे सुधारले."

"मेहुण्यांच्या बायकोला विचारून पाहावे."

"चार फरशा पुसल्या म्हणून पाप पुसत नाही."

"आधी पुसून बघा, मग बोला." हे आमच्या सभासद नर्सबाईंचं, औषधाच्या चिठ्ठीवरचं असावं असं अक्षर, दुसऱ्या कुणाचं असणार!

"मुलीने दार उघडलं तिथे रडलो. वय ७१."

त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, "कुठलं दार? नीट वाचा."

मला वाटलं, ही नेहमीचीच खोड. आमच्या सभासदांना वाद घालायला दारसुद्धा पुरतं.

नव्या ग्रंथपालांना उत्साह भारी. त्यांनी शनिवारी संध्याकाळी वाचकांची चर्चा ठेवली. वीसेक माणसं जमली. टाकेबाई हात न धुताच येऊन मागे खांबापाशी उभ्या राहिल्या. सभासदांतले एक निवृत्त मास्तर उठले आणि म्हणाले, "लेखक धीराचा. बाप दार वाजवतो आणि कादंबरी तिथेच संपते. दार उघडत नाही. असंच पाहिजे."

"उघडतं की!" नर्सबाई ताडकन उभ्या राहिल्या. "मुलगी म्हणते, 'चपला आत काढा, बाहेर कुत्रं पळवतं.' बस, एवढंच म्हणते. मास्तर, चष्मा बदला."

"चाळीस वर्षं पेपर तपासलेत मी! आख्खं दार मला दिसणार नाही?"

दोघं हातघाईवर यायच्या आत मी दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. नर्सबाईंची तीनशे चार पानांची. मास्तरांची दोनशे अठ्ठ्याऐंशी. सोळा पानं कमी, म्हणजे बरोबर एक फर्मा. छापलेला मोठा कागद घडी घालून सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात; असे फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं. मास्तरांची प्रत दोनच महिन्यांपूर्वी आमच्याकडे नव्याने बांधलेली होती, मतांची जुनी पानं तशीच ठेवून.

"बाइंडिंगमधली चूक दिसते," ग्रंथपाल म्हणाले. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. खांबापाशी कुणीच नव्हतं.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. टाकेबाईंच्या हातून पंचवीस वर्षांत एक पान इकडचं तिकडे झालं नव्हतं. मी तरातरा खाली गेलो. तो फर्मा टेबलावर त्यांच्यासमोरच होता, खणातून नुकताच काढलेला.

"चूक नाही ना ही?"

"नाही."

"मग काय म्हणावं बाई याला? नोकरी जाईल तुमची."

"ती पोरगी किती सहज उघडते हो," त्या म्हणाल्या. "दोन ओळींत. मला नाही जमलं."

मी समोरचं स्टूल ओढून बसलो.

"दादा आला होता. सात वर्षांनी. दुपारची वेळ, स्वच्छ शर्ट, दाढी केलेली. खिडकीतून बघितलं मी. त्याने तीनदा वाजवलं. माझा हात कडीवर होता, काउंटर. नुसती वर सरकवायची होती. पण आईचं ते अंथरूण डोळ्यांपुढे आलं नि हात हलेना. मग तो पायरीवर बसला. बराच वेळ. खोकला. मी दाराला पाठ लावून बसलेले. आमच्या दोघांत एवढीशी फळी. शेवटी चपला घासत निघाला, तेव्हा उघडलं मी. गल्लीच्या तोंडाशी पाठ दिसली. हाक मारायला गेले तर आवाजच फुटेना."

"कधीची गोष्ट?"

"अकरा वर्षं झाली."

खाली खळ आणि जुन्या कागदाचा वास कोंडला होता. वरून मास्तरांचा आवाज अजून येत होता.

"वाटलं, शेवट काढून टाकला की सगळे लिहितील, नाही उघडलं तेच बरोबर. ते वाचून जरा झोप लागेल."

"लागली?"

"कसली लागते! मास्तरांसारखे आहेत चार-दोन. बाकीच्यांनी काय लिहिलंय माहितीये? 'मग तो कुठे गेला असेल?' अहो, तेच तर मी विचारतेय."

त्या रडल्या नाहीत. मलाच डोळे पुसावे लागले, आणि वर ग्रंथपालांना जाऊन सांगावं लागलं की फर्मा मीच कुठेतरी गहाळ केला होता, आता सापडला. त्यांनी मला लेखी समज दिली. दिली तर दिली.

टाकेबाईंनी तेवढ्यात शिवण उसवून फर्मा जागेवर घेतला होता. मी समोर बसून बघत राहिलो. सुई घडीतून आत जाई, दोरा ओढला जाई, पुन्हा बाहेर. पाठीला खळ लावून पुस्तक शिकंज्यात आवळताना त्यांनी हात पुढे केला. "पेन्सिल द्या तुमची."

"कशाला?"

"परवा कळेल."

सोमवारी प्रत काउंटरवर आली. सवयीने मी मागून उघडली, खोडरबर हातात. नव्या कोऱ्या पानाच्या अगदी वर, जिथे शेवटाकडून पुस्तक उघडणाऱ्याची नजर आधी पडेल तिथे, लिहिलं होतं: 'दादा, आता दार नुसतं लोटलेलं असतं, कडी नसते. घर तेच आहे. चपला आत काढ.'

नियमाने पुसायला हवं होतं. नाव नसलं तरी हे मत नव्हतं, निरोप होता. मी पुस्तक मिटलं आणि फळीवर, उभ्या माणसाच्या हाताशी येईल अशा जागी ठेवलं.

याला आता तीन वर्षं झाली. मास्तरांनी ती प्रत पुन्हा नेली आणि शेवटाबद्दल अवाक्षर काढलं नाही. प्रत परत आली की टाकेबाई जिना चढून वर येतात, पान बोटाने चाचपतात आणि खाली जातात. "काय हो काउंटर" म्हणायचंसुद्धा विसरतात. त्या ओळीखाली कुणीतरी विचारलंय, 'दादा आले का?' त्याखाली टाकेबाईंच्या अक्षरात आहे, 'अजून नाही.'

हाताळून हाताळून पेन्सिल पुसट होते. दर दोन-तीन महिन्यांनी मी टोक काढून वरची ओळ गिरवतो. 'अजून नाही' तेवढं गिरवत नाही.