हेवी गटातला पाचवा नेमबाज

दुर्बिणवाल्यांवर माझा राग आहे, तो आधीच सांगून टाकते. पिसासारखी हलकी रायफल घ्यायची, वर महागडी दुर्बीण बसवायची, खांद्याला झटका नाही की काही नाही, आणि वर आम्हालाच म्हणायचं, "तुमचं ते म्युझियम घरी ठेवा." नाही ठेवणार.

आमची नेमबाजीची रेंज टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या उत्तरेला होती, नव्या कॉलन्या संपून गाईंची कुरणं लागतात तिथे. महिन्यातून एका रविवारी मल्टी-गनची मॅच असायची. रायफल, शॉटगन, पिस्तूल, तिन्ही चालवायची, अधेमधे पळायचं, आणि डोक्यावर टायमर. मी 'हेवी' गटात होते. या गटात जुनी लष्करी रायफल, जाडी गोळी, आणि नेम धरायचा तो दुर्बिणीशिवाय, नळीवरच्या लोखंडी माशीतून. भारतीय लष्करात जिला एसएलआर म्हणत, तिचीच इथली चुलत बहीण माझ्या खांद्यावर असायची.

ती खरं तर बाबांची. सिटिझनशिप मिळाल्यावर लोक गाडी बदलतात, बाबांनी ही आणली. नागपूरला कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पवर त्यांनी एसएलआर चालवली होती. आई म्हणाली, "फ्रीज गळतोय, आणि हे तोफ आणतायत!"

बाबा मॅचमध्ये उतरत नसत. "माझ्याच्यानं पळणं होत नाही बाप्पा," म्हणायचे. पण शनिवारी सरावाला आम्ही दोघं जायचो. थर्मासमध्ये चहा, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, हाताला तेल कुठलं, पुऱ्यांचं की बंदुकीचं, ते कळायचं नाही. निशाणाच्या लांबच्या पत्र्याला गोळी लागली की देवळातल्या घंटेसारखा ठणठण आवाज यायचा. शेजारच्या हलक्या रायफलींचं नुसतं टिक-टिक. बाबा हसायचे. "ऐकलं का गं? याला म्हणतात लागणं!" तो आवाज आजही कानात आहे, आणि संध्याकाळी दुखणारा खांदासुद्धा.

मग क्लबच्या समितीनं नियम काढला. गटात किमान पाच जणांनी मॅच पूर्ण केली पाहिजे, मोसमाच्या शेवटच्या मॅचला पाच झाले नाहीत तर पुढच्या वर्षी गट कॅन्सल. पाचच का? कुणी ठरवलं? आम्हाला विचारलं? कॉलेजात भाडेकरूंसाठी पत्रकं लिहून मी शिकले होते की पहिल्या ओळीत मागणी लिहायची आणि दुसरीत कोण अडवतंय ते. 'हेवी गट वाचवा' असं पत्रक छापलं आणि पार्किंगमधल्या प्रत्येक पिकअपच्या वायपरखाली खोचलं. आई म्हणाली, "लग्नाची पत्रिका छापायच्या वयात ही बंदुकीची पत्रकं छापतेय." मॅच डायरेक्टर म्हणजे पांढऱ्या मिशांचा टेक्सन म्हातारा. त्यानं पत्रक शेवटपर्यंत वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि म्हणाला, "पोरी, कागद नेम धरत नाहीत. माणसं आण."

आणली. तिघे रिटायर्ड गडी आपापल्या कपाटातल्या जुन्या रायफली घेऊन तयार झाले. चौथी मी. पाचवं कुणी मिळेना.

"बाबा, तुम्ही या ना. पळू नका. चाला. रायफल आळीपाळीनं वापरू. फक्त मॅच पूर्ण करा."

"अन् शेवटचा आलो तर?"

"या की! पूर्ण झालं की झालं."

त्यांनी पिस्तुलासाठी कमरेला लावायचं नवीन होल्स्टर आणलं, आठवडाभर हॉलमध्ये चालण्याची प्रॅक्टिस केली.

मॅचच्या दिवशी पहिल्याच फेरीत त्यांनी सगळे पत्रे वाजवले. एकही चुकला नाही. तिघं म्हातारे शिट्ट्या मारायला लागले. बाबांनी नियमाप्रमाणे सेफ्टी लावून रायफल त्यासाठीच ठेवलेल्या ड्रममध्ये उभी केली. आता पिस्तूल काढायचं आणि पुढच्या भिंतीआड जायचं, एवढंच. बाबा थांबले. जमिनीकडे बघितलं. आणि वाकून खाली पडलेले काडतुसांचे रिकामे खोके वेचायला लागले.

एनसीसीत जेवढी काडतुसं दिली तेवढे रिकामे खोके मोजून परत द्यावे लागतात. एक कमी पडला तर सगळ्या कंपनीला उन्हात उभं करून गवत चाळायला लावतात. सरावातही बाबा आधी खोके वेचायचे, मग चहा. इथे मॅचमध्ये खोके कुणी विचारत नाही. पण हात बाबांचे होते, आणि हातांना टेक्सास माहीत नव्हतं.

"बाबा, राहू द्या! पुढे जा!"

"दोनच राहिले गं!"

तिसऱ्यांदा वाकले आणि नव्या होल्स्टरमधून पिस्तूल निसटून खडीवर पडलं.

"स्टॉप!" डायरेक्टर ओरडला. बाबांनी पिस्तुलाला हात लावला नाही, दोन्ही हात वर करून उभे राहिले, मुठीत खोके. हत्यार खाली पडलं की माणूस मॅचमधून बाद. कुठल्याही रेंजवर हाच नियम, आणि तो बरोबर आहे. त्यावर पत्रक लिहिता येईना, म्हणून मी अजूनच भडकले.

बाद झालेली माणसं बहुतेक सामान आवरून घरी जातात. बाबा थांबले. दुपारभर उन्हात प्रत्येक नेमबाजानंतर पुठ्ठ्याच्या टार्गेटवरच्या भोकांना चिकटपट्ट्या लावत होते, दुर्बिणवाल्यांच्यासुद्धा. मी मॅच पूर्ण केली. चारच झाले.

गाडीत बाबा म्हणाले, "तुझा मोर्चाच बुडवला मी."

"समितीनं बुडवला. पाच हा आकडा काय आकाशातून पडला?"

"समितीला शिव्या दे, पण आधी पुऱ्या काढ."

पुढच्या मोसमात हेवी गट राहिला नाही. मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे, आता या क्लबात पाय ठेवणार नाही. बाबांनी मला न विचारता खुल्या गटात नाव दिलं, दुर्बिणवाल्यांच्या रांगेत, तीच रायफल घेऊन. "गट नाही म्हणून नेम पण नाही काय?" मग मीही गेले. त्या वयाच्या माणसाला एकटं कसं सोडणार?

निकालाच्या फळ्यावर तळाची दोन नावं एकाच आडनावाची होती. शेवटचं बाबांचं. त्यांनी मॅच पूर्ण केली होती, आणि फळ्यापाशी उभं राहून ते मला आपल्या नावावर बोट ठेवून दाखवत होते. आता मी दूर नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलला राहते, रायफल बाबांकडे आहे, आणि असे रविवार मला परत मिळालेले नाहीत. तरीही लिहून ठेवते, गट बंद करणं चूकच होतं.